शूटिंगला दिलेलं घर

२ नोव्हेंबर, रविवार

धुवांधारला धूर सोडायचं मशीन! धबधब्याचे तुषार पार दुकानांपर्यंत उडतात, कॅमेऱ्याची काच पुसून पुसून हात दुखतो — आणि नवरदेवाच्या मेहुण्याने कटनीहून भाड्याने मशीन आणलं. मी म्हटलं, भैया, इथे धुराची काय कमी आहे? म्हणाला, "वो वाला नहीं दीदी, सिनेमा वाला."

देवउठनी एकादशी झाली, लग्नांचा हंगाम सुरू. रेलिंगपाशी जोड्यांची रांग. एक हटली की दुसरी. तो मागून मिठी मारणार, ती आकाशाकडे बघणार. आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच — "ऐसी जगह चाहिए जो किसी ने देखी ना हो." नर्मदा काय काल खोदली?

अनुपमच्या स्टुडिओत जागा शोधायचं काम माझं. लग्नाआधीचे फोटो, व्हिडिओ, कपड्यांच्या जाहिराती — कोणाला कुठे उभं करायचं ते मी सांगते. कार्डावर ‘लोकेशन मॅनेजर, श्रद्धा रामटेके’. मॅनेज मी एकच गोष्ट करते — स्वतःचं तोंड.

५ नोव्हेंबर

गढा भागातल्या त्या तलावावर गेले होते. जायला नको होतं.

गेल्या वर्षी मलाच सापडला होता तो. पायऱ्या, वाकलेला पिंपळ, दुपारी चारनंतर पाण्यावरून उलटा येणारा उजेड. वरच्या घरातल्या अम्मांना विचारून एका जोडीचे फोटो काढले. अम्मांनी पाणी दिलं, नवरीच्या लेहेंग्याची किनार हातात घेऊन बघितली. अनुपमने त्याचं रील केलं — "जबलपुर की छुपी हुई जगह". चेहरा त्याचा, आवाज त्याचा. महिन्याभरात सगळं शहर तिथे. आता पायऱ्यांवर चिप्सची पाकिटं आणि भिंतीवर पाटी — ‘यहाँ फोटो खींचना मना है’. पाटीसोबत फोटो काढून घेत होते लोक!

अम्मा दारात होत्या. ओळखलं मला. "तुम्हीं लाई थीं न सबको," म्हणाल्या आणि आत गेल्या. मीच आणलं होतं.

चांगली जागा सापडली की ती संपली, हे या धंद्यात कोणी शिकवत नाही.

८ नोव्हेंबर

अनुपम आज फार गोड. स्वतः जाऊन खोवा जलेबी घेऊन आला. तेव्हाच समजले, काम मोठं आहे.

मुंबईची वेब सिरीज. नायिका जबलपूरची, म्हणून तिचं घर इथेच शूट करणार. दिग्दर्शक गंधार नावाचा, पुण्याचा. घर कसं पाहिजे? जुन्या वस्तीत, लहान, आत अंगण. भिंतींना वर्षानुवर्षं रंग लागलेला नको, पण पडकंही नको. "गरीब दिखे, गंदा ना दिखे," अनुपमने मला समजावलं.

घर मिळालं तर त्यांच्या पुढच्या कामांत मी त्यांच्या टीममध्ये. ओरछा, भोपाळ, जिकडे जातील तिकडे. पडद्यावर नाव. इथे कोणी वाचणारं नाही तर खोटं कशाला लिहू — मला ते पाहिजे. धुवांधारपासून सुटका पाहिजे. या घरापासूनही.

१० नोव्हेंबर

जागा मी आधी ऐकते, मग बघते. दारात डोळे मिटून उभी राहते, लोकांना वाटतं चक्कर आली. लग्नाच्या जोड्यांना आवाजाचं काही नसतं, वरून गाणं टाकलं की झालं. सिरीजवाल्यांना शांतता लागते. घमापूरच्या गजबजलेल्या वस्तीत शांतता!

पहिलं घर छान — भिंतीला भिंत लावून पिठाची चक्की. दुसऱ्याचं अंगण असं की पाहून जीव निवावा, पण समोर नवीन तीन मजली, ऊन येतच नाही. तिसऱ्या घरात विचारलं, हिरोइन कौन है? मलाच नाव माहीत नाही. दार बंद. चौथ्या घरी सगळं जमलं. ऊन, अंगण, जुन्या फळ्यांचं दार. मालक इतका खूश की म्हणाला, "आप टेंशन मत लो दीदी, आपके आने से पहले पूरा पुट्टी-पेंट करवा देंगे." हात जोडले आणि निघाले.

११ नोव्हेंबर

आज काहीच नाही. बडा फुहाऱ्याच्या बाजारात चपलेचा अंगठा तुटला. शिवून घेतला, परत चालले.

१४ नोव्हेंबर

मिळालं! गढ्यातच, तलावापासून लांब. दोन भावांचं घर, राहतो एकटा मोठा. दुपारभर तिरपं ऊन, गल्लीच्या तोंडाशी गाड्या उभ्या करायला मैदान, आवाज म्हणाल तर एका शेळीचा. मोठ्या भावाने चहा पाजला, हो म्हणाला. अनुपमने मी काढलेले फोटो स्वतःच्या नावाने मुंबईला पाठवले. जाऊ दे. मिळालं ना!

१९ नोव्हेंबर

गेलं.

धाकटा भाऊ इंदूरला असतो, वाटणीचा वाद आहे. त्याच्या डोक्यात कोणीतरी भरवलं की शूटिंगच्या निमित्ताने मोठा कब्जा दाखवणार. फोनवर मलाच आईबहिणीवरून ऐकवलं. मोठा रडकुंडीला आला. "माफ करना बिटिया," म्हणाला. अनुपमने माफ केलं नाही. स्टुडिओत सगळ्यांसमोर — "चार साल में एक ढंग का घर नहीं मिला तुझसे?" चार दिवसांनी मुंबईवाले यायचे आहेत.

२० नोव्हेंबर

अनुपम आज घरी आला. हार्ड डिस्क माझ्याकडे राहिली होती. आईने बसवलं, चहा ठेवला. मी आतून डिस्क घेऊन येते तो हा फोन काढून भिंती टिपतोय! "श्रद्धा, यही तो है. तू पूरे शहर में घूम रही थी, पागल." चहा निवायच्या आत फोटो मुंबईला गेले होते. मी ओरडले. म्हणाला, "अरे बस भेजा है, बेचा थोड़े है."

आमची पुढची खोली. चुन्यात नीळ कालवून कधीतरी दिलेला रंग — आता कुठे निळा, कुठे पांढरा, कुठे नुसता गिलावा. वर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्याखाली बाबांचा फोटो. स्टुडिओतला — मागे खोट्या बागेचा पडदा, केस ओले करून चापून बसवलेले. फोटोला हार नाही. बाबा मेलेले नाहीत, गेलेले आहेत. पंधरा वर्षं झाली, मी नववीत होते. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, चहा प्याले, सायकल काढली. बस. टिकाराम काका, बाबांचे सख्खे धाकटे भाऊ, आईला घेऊन पोलिस ठाण्यात गेले, दवाखान्यांत गेले, प्रेतं ठेवतात तिथेही गेले. काही नाही.

तेव्हापासून घर आहे तसं आहे. नोकरी लागल्यावर मी म्हटलं होतं, रंग देऊ या. आई म्हणाली, "राहू दे, काहून उगीच." मी समजले. ज्या माणसाला परत यायचं आहे त्याला घर ओळखू आलं पाहिजे. परत विचारलं नाही. पण राग येतो त्या भिंतीचा! एका माणसासाठी आम्ही दोघी संग्रहालयात राहतो. तिकीट लावायचं राहिलं होतं, ते अनुपमने आज लावलं.

२१ नोव्हेंबर

गंधारचा निरोप — "हेच घर." आईला सांगितलं. वाटलं, नाही म्हणेल. म्हणाली, "किती दिवस?"

२३ नोव्हेंबर

आले. गंधार आणि मोनाली. मोनाली कलाविभाग बघते, म्हणजे घरात काय ठेवायचं, काय काढायचं ते ती ठरवणार. मुंबईची, हुशार, पायात माझ्या पगाराचे बूट.

गंधार मला म्हणाला, "तुम्ही मराठी? जबलपूरला? अरे वा!" जसं काही मी झाडावर सापडले. मग म्हणाला, तुमच्या मराठीला हिंदीचा किती गोड स्पर्श आहे. माझ्या आज्याने इथे येऊन कारखान्यात घण मारले तेव्हा कोणी गोड म्हटलं नसेल.

मग त्याने भिंतीवर हात ठेवला. सगळा तळवा. "टेक्श्चर बघ मोनाली. हे करून होत नाही. याला काळच लागतो." मला हसू आलं. काळच लागला, बाबा. बरोबर आहे.

आईला म्हणाला, "काकू, कशी जपलीत हो ही भिंत?"

"जपली नाही बापा," आई म्हणाली. "आहे तशी आहे."

मोनालीने अडखळत सांगितलं की वरचे दोन फोटो काढावे लागतील, कथेतलं कुटुंब वेगळं आहे. माझं डोकं तापलं. आई शांत. "मी काढीन. तुमचे कोणाचे हात नको. आन् सहा डिसेंबरले ते दोघं आपल्या जागेवर पाहिजेत." सहा डिसेंबरला बाबासाहेब भिंतीवर नाहीत असं आमच्या घरात झालेलं नाही. गंधारने तारखा बदलून घेतल्या. चला, तेवढं तरी केलं.

सगळे गेल्यावर आईला विचारलं, तू हो का म्हणालीस? भाजी निवडत होती. "तुले पाहिजे होतं ना."

तेच ऐकायचं नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

उद्या शूटिंग. आईने स्टुलावर चढून दोन्ही फोटो उतरवले, पांढऱ्या साडीत गुंडाळले. ती दोन दिवस मावशीकडे राहणार, फोटो तिच्याबरोबर. मी बाबांच्या फोटोकडे बोट केलं — आणि हा?

"त्याले कुठी नेऊ? राहू दे."

रिक्षात बसताना मांडीवर ते बोचकं घेऊन बसली, लेकरू घेऊन बसावं तशी.

माझी पद्धत अशी — कोणी काही हलवायच्या आधी घराच्या प्रत्येक भिंतीचा फोटो काढते, म्हणजे नंतर जिथलं तिथे ठेवता येतं. आणि ज्याला हात लावायचा नाही त्याला पिवळी चिकटपट्टी. मुंबईवालेही ती मानतात. आईच्या शिलाई मशीनला लावली, ट्रंकेला लावली, पाण्याच्या माठाला लावली. बाबांच्या फोटोपुढे पट्टी घेऊन उभी राहिले.

नाही लावली. विसरले नाही — लावली नाही. कोण लागून गेले ते!

४ डिसेंबर

लिहिता येईल का माहीत नाही. लिहिते.

सकाळपासून मी गल्लीत. हॉर्न थांबव, भाजीवाल्याला वळव, समोरच्यांचा टीव्ही बंद करून घे. दुपारी आत आले, मोनालीच्या मागे उभी राहून छोट्या पडद्यावर बघितलं. आमची भिंत. भिंतीवर बाबा. बाबांना चंदनाचा हार. काचेवर कुंकवाचा टिळा, खाली उदबत्ती. नायिका हात जोडून म्हणते आहे, "पापा, मेरी नौकरी लग गई."

मोनालीचा दंड धरला. ती कुजबुजली — कथेत वडील नाहीत ना तिला. फोटो होताच, एकटाच होता, पट्टीही नव्हती. चेहरा इतका बरोबर!

"जिवंत आहेत ते."

"कोण?"

"माझे वडील आहेत ते."

ती सॉरी, सॉरी म्हणायला लागली. मला वाटलं गं, जुना फोटो, एकटाच ठेवलाय, म्हणजे... तिची चूक नाही. आपल्याकडे असा एकटा फोटो कोणाचा असतो ते तिलाही माहीत आहे. गंधार तिकडून म्हणाला, "शांतता. अजून एकदा घेऊ."

अजून एकदा घेतलं. मग अजून एकदा. नायिकेला रडू नीट येत नव्हतं. मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही. उभी राहून बघत होते की त्यांना हार कसा दिसतो.

चांगला दिसतो.

५ डिसेंबर

आईला संध्याकाळी ये सांगितलं होतं. दुपारीच आली! सामान निघत होतं. मोनाली खुर्चीवर चढून हार काढत होती, एक टोक खिळ्यावरून सुटलं होतं. आई दारात, कडेवर बोचकं.

"कोणं घातला?"

मोनाली खाली उतरली. "आँटी, सीनपुरता होता. काढतेच आहे. खरंच सॉरी."

आई जवळ गेली. कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटलं आता पडेल, मी मागे जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "राहू दे."

"आँटी, पण हा आमचा—"

"मोनाली, राहू दे म्हटलं ना!" हे मीच ओरडले.

आईने दोन्ही फोटो स्वतः वर लावले. मग पदराने बाबांच्या काचेवरचा टिळा पुसला. आमच्यात टिळा नाही लावत. हार सरळ केला. गाड्या गेल्यावर मी म्हटलं, आई, काढू का गं? म्हणाली, "कायले? बरा दिसते."

माझ्यामुळे झालं. इतकी वर्षं जिने वाट बघितली तिच्या डोळ्यांदेखत तिच्या माणसाला मी मारून टाकलं. पिवळ्या पट्टीचा एक तुकडा लावायला जड झाला मला. एवढा राग कशाचा होता? तिच्या वाट बघण्याचा. आता खूश राहा म्हणावं.

संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या. दारातून हार दिसला असणार. "अरे भाभी, कब हुआ? बताया भी नहीं!" आईने चटई टाकली. "हो गया दीदी. बैठो." त्या बसल्या, डोळे पुसले. आईने चहा केला. मी आतल्या खोलीत कान झाकून बसले.

६ डिसेंबर, शनिवार

विहारातून आलो. दरवर्षीसारखे टिकाराम काका रांझीहून जेवायला आले. चपला काढल्या, बाबासाहेबांना हात जोडले, नजर खाली आली — हात तसेच जोडलेले राहिले.

"हे काय हाये वहिनी? जित्या माणसाले हार?"

आई ताटं मांडत राहिली. मलाच सहन झालं नाही. सगळ्यांचा राग काकांवर निघाला. म्हटलं, जिता कशावरून काका? कोणी पाहिलं त्यांना? किती वर्षं तेच ऐकते, जिता आहे, येईल, जिता आहे!

"मी पाहिलं! अन् दिवाळीले बोललो त्याच्यासंग! बिलासपुरात हाये तो, चांगला धडधाकट, पोरगा नववीत—"

थांबले. स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

नववीत. हिशेब मी केला नाही, आपोआप झाला — बाबा गेले त्याच सुमाराचा जन्म.

मी आईकडे बघितलं. ती भात वाढत होती. "बसा भाऊजी. निवून राहिला भात."

"वहिनी, मी सांगणारच—"

"माहीत हाये मले."

"कोणं सांगितलं?"

"तुम्हीच सांगितलं. माझ्यासंग ठाण्यात आले, दवाखान्यात आले, स्टेशनवर त्याचा फोटो दाखवत फिरले. जेवले नाही दिवस दिवस. मंग एक दिवस बंदच केलं. सख्खा भाऊ शोधणं कधी सोडते, भाऊजी? सापडल्यावरच ना."

काका रडायला लागले. मोठा माणूस, पांढरा शर्ट, ताटापुढे बसून. मला दया नाही आली. हेच काका दर भाऊबीजेनंतर मला ड्रेस घेऊन यायचे.

म्हणाले, "हार काढा वहिनी. त्याले समजलं तर काय वाटेल?"

"सांगा त्याले. म्हणा, चंदनाचा हाये."

काका न जेवता उठले. मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? लहान होते तेव्हा जाऊ दे, नंतर तरी? तिने ताटं उचलली. मोरीत नेऊन नळ सोडला. मग तिकडूनच म्हणाली, "शाळेतून आली की तू पहिले अंगणात सायकल पाहे. मंग दप्तर ठेवे. कसं सांगू?"

मी पाहत होते? मला आठवत नाही. बसून आठवते आहे. आठवत नाही.

७ डिसेंबर

एकच प्रश्न उरला होता. सकाळी विचारला. मग घराला रंग का नाही दिला?

आई चकित झाली. "रंगाले पैसे कुठी होते तवा?"

आणि मी नोकरीला लागल्यावर? मी म्हटलं होतं ना!

"तुझ्या लग्नात द्यायचाच हाये म्हटलं. दोनदा कायले खर्च?"

एवढंच! त्या गंधारने भिंतीला हात लावला तेव्हा मी मनात किती हसले होते त्याला. तो दोन तास बघून फसला, मी इतकी वर्षं त्याच खोलीत झोपून.

हसायला आलं. मग आईने पाठ फिरवल्यावर नुसतं रडले. तिचा राग करत होते मी. तिचा!

९ डिसेंबर

गंधारचा फोन. जानेवारीत ओरछा, येणार का? मी हो म्हटलं. आई म्हणाली, तिकडं थंडी भल्ली असते, शाल ने.

अनुपमने आमच्या घराचं रील टाकलंय. "जबलपुर का सबसे असली घर." गल्लीचं नावसुद्धा! काल कॉलेजची पोरं आली, आज सकाळी एक जोडपं — नवरी मेकअप करूनच. भिंतीपुढे दोन फोटो काढू द्या म्हणे. आईने दारातूनच वाटेला लावलं. मी अनुपमला फोन करून जे बोलले ते इथे लिहीत नाही. नोकरी गेली असेल. जाऊ दे.

आईला म्हटलं, उद्याच रंगारी बोलावते. म्हणाली, "हिरवा नको. भलता रंग नको."

११ डिसेंबर

सकाळी दार वाजलं. वाटलं, रीलवालेच. उघडलं तर बाबा. डोक्यावरचे केस गेलेत, हातात मिठाईचा डबा. मागे टिकाराम काका, मान खाली. बाबांनी मला ओळखलं नाही. आईचं नाव घेऊन विचारलं, "भागीरथा आहे का घरी?" आई मागून आली, ओले हात पुसत. त्यांच्याकडे बघितलं, नीट बघितलं. बाबांशी ती कधी हिंदीत बोललेलं मी ऐकलं नाही. आज म्हणाली, "शूटिंग तो खतम हो गई भैया. अब क्या देखने आए?"

मग मला म्हणाली, "दार लाव श्रद्धा."

मी लावलं.